कॅनडाचा पीआर, 'डिपेंडंट'च्या बाजूने

कॅनडाच्या पीआरच्या, म्हणजे कायम वास्तव्याच्या, अर्जात माझी नोंद 'डिपेंडंट स्पाऊस' अशी होती. नवरा मुख्य अर्जदार आणि मी त्याच्या मागून. प्रत्यक्षात त्याचे कागद पंधरा दिवसांत गोळा झाले आणि माझ्या कागदांना पाच महिने लागले. माहेरचं नाव, सासरचं नाव, ग्रामपंचायतीचा विवाह दाखला, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात गेलेली वर्षं. जोडीने अर्ज करणाऱ्यांचं घोडं बहुतेक इथेच अडतं. म्हणून जे ज्या क्रमाने झालं, त्याच क्रमाने लिहिते.

आमचा मार्ग एक्स्प्रेस एन्ट्रीतल्या कॅनेडियन एक्स्पिरियन्स क्लासचा, म्हणजे सीईसीचा. एक्स्प्रेस एन्ट्रीत आधी प्रोफाइल टाकायचं, ते गुणांनुसार पूलमध्ये, म्हणजे इच्छुकांच्या यादीत, लागतं, आणि ठराविक काळाने होणाऱ्या ड्रॉमध्ये कटऑफच्या वरच्यांना पीआरचा अर्ज करायचं निमंत्रण येतं. त्यासाठी मुख्य अर्जदाराकडे गेल्या तीन वर्षांत कॅनडातला किमान एक वर्षाचा कुशल कामाचा अनुभव लागतो, तासांत मोजलं तर १,५६०. काम एनओसीतल्या, म्हणजे कॅनडाच्या सरकारी कामांच्या यादीतल्या, टीअर (कौशल्याची पातळी) ०, १, २ किंवा ३ मधलं हवं. पूर्णवेळ शिकत असताना केलेलं काम यात धरत नाहीत, स्वतःचा धंदाही धरत नाहीत. त्या यादीत नवऱ्याचा कोड २१३०१, मेकॅनिकल इंजिनियर, म्हणजे टीअर १. माझ्याकडे त्याच्यामुळे मिळालेलं ओपन वर्क परमिट, म्हणजे कुठल्याही मालकाकडे काम करायची परवानगी, होतं. (२१ जानेवारी २०२५ पासून ही सोय टीअर ० आणि १ च्या जोडीदारांना, आणि टीअर २-३ मधल्या निवडक कामांनाच उरली आहे. शिवाय नवऱ्याच्या किंवा बायकोच्या परमिटवर निदान १६ महिने शिल्लक लागतात.)

सुरुवात गुणांच्या हिशोबाने करावी, आणि तो हिशोब दोनदा करावा: एकदा नवरा मुख्य धरून, एकदा बायको मुख्य धरून. 'ज्याची नोकरी मोठी तो मुख्य' हे गृहीत धरून मोकळं होऊ नये. दोघंही पात्र असतील तर दोन वेगळे प्रोफाइलसुद्धा टाकता येतात. आमच्यात माझा इथला अनुभव कमी होता, म्हणून प्रश्न मिटला.

जोडीदार सोबत दाखवला की मुख्य अर्जदाराचे मूळ गुण ५०० ऐवजी ४६० पैकी मोजले जातात आणि उरलेले ४० जोडीदाराकडे जातात: शिक्षणाचे १०, भाषेचे २०, कॅनडातल्या अनुभवाचे १०. म्हणजे जोडीदाराने काहीच केलं नाही तर ते ४० पाण्यात. मी परीक्षा दिली, पदवीचं मूल्यांकन करून घेतलं, आणि इथलं माझं एक वर्षाचं काम होतंच. भाषेचे २०, पदवीचे ८, अनुभवाचे ५, एकूण ३३. २०२५ मध्ये सीईसीचा कटऑफ ५१० च्या वरच फिरत होता, अशा वेळी हे ३३ गुण वरकड नसतात. निमंत्रण आणायचं की नाही ते हेच ठरवतात.

जोडीदाराला भाषेची किमान अट नाही, त्यामुळे 'तुला कशाला परीक्षा' असं बऱ्याच घरांत म्हटलं जातं. म्हणू देऊ नका. आयईएलटीएस जनरल, सेल्पिप जनरल किंवा पीटीई कोअर, यांतली कुठलीही चालते. लक्ष्य सीएलबी, म्हणजे कॅनडाच्या भाषापातळीच्या मोजपट्टीवर, ९. आयईएलटीएसमध्ये त्याचा अर्थ ऐकण्यात ८ आणि वाचन, लेखन, बोलणं प्रत्येकी ७. जोडीदाराला सीएलबी ९ ला प्रत्येक कौशल्याचे ५ गुण मिळतात आणि ७-८ ला फक्त ३. मुख्य अर्जदाराला तर चारही कौशल्यांत ९ गाठणं फारच महत्त्वाचं, कारण मास्टर्स असेल तर शिक्षण आणि भाषा मिळून मिळणारे जोडगुण तिथे २५ वरून ५० होतात. एका लेखनात ६.५ आले तरी ते २५ गेले. नवऱ्याचं पहिल्यांदा नेमकं तेच झालं आणि दोन महिन्यांनी त्याने पुन्हा परीक्षा दिली. निकाल दोन वर्षं चालतो, पण अर्ज पाठवण्याच्या दिवशीही तो जिवंत असावा लागतो.

वाढदिवसही मोजा. तिसाव्या वर्षापासून चाळिशीपर्यंत दर वाढदिवसाला मुख्य अर्जदाराचे ५ गुण जातात. त्या वर्षी केक कापताना आमच्या घरात कुणाच्या चेहऱ्यावर फारसा आनंद नव्हता.

पदवीच्या मूल्यांकनाला, म्हणजे ईसीएला, आम्ही डब्ल्यूईएस ही संस्था निवडली. पदवी प्रमाणपत्र आपण अपलोड करायचं, आणि गुणपत्रिकांच्या ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाने परस्पर पाठवायच्या. आपण पाकीट फोडलं की संपलं. माझं गाडं इथे रुतलं, कारण पदवीदान समारंभानंतर मी मूळ पदवी प्रमाणपत्र घेतलंच नव्हतं. प्रोव्हिजनलवर इतकी वर्षं सगळं निभावलं होतं, इथे मात्र मूळ प्रमाणपत्रच लागतं. भावाला अधिकारपत्र देऊन आधी पदवीचा अर्ज करायला लावला, मग ट्रान्सक्रिप्टचा. दोन्ही मिळून अकरा आठवडे गेले. तुमचंही प्रमाणपत्र विद्यापीठात पडून असेल तर बाकी सगळं सोडून आधी ते आणा. ईसीए पाच वर्षं चालतं, त्यामुळे लवकर केल्याने तोटा काहीच नाही. सीईसीत मुख्य अर्जदाराला ईसीए सक्तीचं नाही, पण परदेशी पदवीचे गुण हवे असतील तर लागतंच.

नावांकडे या. पदवीवर माहेरचं नाव, तेही आडनाव आधी, मग माझं, मग वडिलांचं. पासपोर्टवर माझं, नवऱ्याचं आणि सासरचं आडनाव. जन्मदाखल्यावर नुसतं नाव. परक्या अधिकाऱ्याला या तीन बायका वाटतात. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. मी तीन गोष्टी केल्या. फॉर्ममध्ये नाव अक्षर न् अक्षर पासपोर्टप्रमाणे भरलं. 'इतर नावं' या रकान्यात माहेरचं पूर्ण नाव टाकलं. आणि एका पानाचं स्पष्टीकरणपत्र लिहिलं: कुठल्या कागदावर कुठलं नाव आहे, ते का, आणि त्यांना जोडणारा दुवा म्हणजे विवाह दाखला. सोबत 'या दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र. पासपोर्ट अजून माहेरच्या नावाचा असेल तरी काही बिघडत नाही, सगळा अर्ज त्याच नावाने भरायचा. पण प्रक्रिया चालू असताना मध्येच पासपोर्टवरचं नाव बदलू नका.

आमचं लग्न गावी नोंदलेलं. दाखला ग्रामपंचायतीचा, हाताने लिहिलेला, शिक्का अर्धा पुसलेला. माझ्या नावात 'ळ' च्या जागी 'ल' आणि लग्नाची तारीख मात्र बरोबर. ग्रामसेवकांनी मूळ नोंदवही काढली तेव्हा कळलं की नोंदीत 'ळ' आहे, नक्कल करणाऱ्याने चूक केली. नोंद बरोबर असेल तर नवी नक्कल सहज मिळते, नोंदच चुकलेली असेल तर दुरुस्तीचं प्रकरण लांबतं. म्हणून दाखला हातात आला की तिथेच उभं राहून वाचा: दोघांची नावं, तारीख, ठिकाण, सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर लागतं, सोबत भाषांतरकाराचं शपथपत्र आणि मूळ कागदाची प्रत. घरातल्या कुणी केलेलं भाषांतर चालत नाही, मग तुमची नणंद इंग्रजीची प्राध्यापिका का असेना.

याच टप्प्यावर एक सल्ला हमखास कानावर येतो: जोडीदाराला 'सोबत येत नाही' असं दाखवा, गुण वाढतील. हिशोबाने वाढतात हे खरं. पण जोडीदार इथेच, त्याच घरात राहत असेल, ओपन परमिटवर कामाला जात असेल, तर अधिकारी विचारणारच की ही बाई सोबत नाही म्हणजे कुठे जाणार आहे? समाधानकारक उत्तर नसेल तर प्रकरण चुकीच्या माहितीच्या आरोपापर्यंत जातं, आणि तो आरोप सिद्ध झाला तर पाच वर्षं दार बंद. जोडीदार खरोखर भारतात राहणार असेल तर गोष्ट वेगळी. पण तेव्हाही त्याचं नाव द्यावंच लागतं आणि मेडिकलही करावी लागते. जे नाव लपवलं आणि ज्याची तपासणी झाली नाही, त्याला पुढे कुटुंब म्हणून स्पॉन्सर करता येत नाही. मुलांनाही हाच नियम.

प्रोफाइल टाकलं, ते बारा महिने चालतं. निमंत्रण यायला आमचे चार महिने गेले. दर दोन आठवड्यांनी ड्रॉ, दर वेळी सात-आठ गुणांनी हुकणं. नवऱ्याची इथल्या अनुभवाची दोन वर्षं पूर्ण झाली तेव्हा ३५ चे ४६ झाले आणि पुढच्याच सीईसी ड्रॉमध्ये नाव आलं. हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा पुढचा टप्पा कधी ओलांडतो त्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवलेली बरी.

निमंत्रणापासून ६० दिवस. मुदतवाढ नाही. कागद पुरे होणार नाहीत असं दिसलं तर निमंत्रण नाकारावं, म्हणजे प्रोफाइल पुन्हा पूलमध्ये जातं. नुसतं तसंच सोडून दिलं तर प्रोफाइलच जातं.

पहिल्याच दिवशी मेडिकलची वेळ घेतली. २१ ऑगस्ट २०२५ पासून एक्स्प्रेस एन्ट्रीत मेडिकल अर्जाआधीच करावी लागते, आणि ती फक्त पॅनेल फिजिशियनकडे, म्हणजे कॅनडा सरकारने नेमून दिलेल्या डॉक्टरकडे, आपल्या फॅमिली डॉक्टरकडे नाही. फोन करताना 'अपफ्रंट मेडिकल' हे शब्द वापरा. पासपोर्ट, चष्मा, चालू औषधांची यादी सोबत न्या. उंची-वजन, रक्तदाब, लघवी, रक्त, छातीचा एक्स-रे. आधी क्षयरोग झाला असेल तर जुने एक्स-रे आणि उपचाराचे कागद न्या, नाहीतर थुंकीच्या तपासणीत काही आठवडे जातात. गरोदर असाल तर एक्स-रेआधी सांगा, तो पुढे ढकलता येतो. निघताना आयएमई (या तपासणीचा) क्रमांक असलेला कागद मागून घ्या, अपलोड करायचा असतो तो. दोघांचे मिळून सहाशे डॉलरच्या आसपास गेले, दर क्लिनिकप्रमाणे बदलतो. तपासणी बारा महिने चालते.

पोलीस दाखला त्या प्रत्येक देशाचा लागतो, जिथे गेल्या दहा वर्षांत सलग सहा महिने किंवा जास्त राहिलात. सलग हा शब्द महत्त्वाचा. चार-चार महिन्यांच्या दोन डेप्युटेशनना दाखला लागत नाही, आठ महिन्यांच्या एकाला लागतो. कॅनडाचा स्वतःहून द्यायचा नसतो. भारताचा पोलीस दाखला, म्हणजे पीसीसी, इथे राहून बीएलएस या अर्ज घेणाऱ्या कंपनीमार्फत भारतीय दूतावासाकडे मागता येतो. भारत सोडल्यानंतर काढलेला असेल आणि नंतर तिथे पुन्हा सहा महिने राहिला नसाल तर जुनाही चालतो. माझ्या पासपोर्टच्या नोंदीत माहेरचा पत्ता होता, म्हणून पडताळणी तिकडे गेली. घरी आधी सांगून ठेवा. पोलीस दारात आले की आईवडील घाबरतात आणि 'मुलगी इथे राहत नाही' एवढंच सांगून मोकळे होतात. खरं ते पूर्ण सांगायचं: ती कॅनडात आहे, दाखल्यासाठी अर्ज केलाय. माझा दाखला ३८ व्या दिवशी हातात आला, नवऱ्याचा तेराव्या दिवशीच आला होता. निमंत्रणाची वाट न पाहता दोघांचेही आधीच मागवायला हवे होते, हे आता कळतं.

नोकरीचं पत्र हे नवऱ्याच्या बाजूचं एकच अवघड काम. लेटरहेडवर पद, कामाचं स्वरूप, कधीपासून, आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि इतर लाभ, सही करणाऱ्याचं नाव, पद, संपर्क. एचआर बहुतेक ठिकाणी पद आणि तारीख एवढंच देतं. कामाचं स्वरूप नसलेल्या पत्राने अर्ज नाकारला जाऊ शकतो, कारण अधिकारी ते एनओसीच्या यादीशी ताडून पाहतो. तिथली वाक्यं जशीच्या तशी उतरवणंही तितकंच वाईट. रोज काय करता ते आपल्या शब्दांत लिहून मॅनेजरला मसुदा द्या. सोबत टी-४ (मालकाने दिलेला वर्षाच्या पगाराचा आणि कराचा कागद), नोटीस ऑफ असेसमेंट (कर खात्याचं पत्र) आणि अलीकडच्या पगारपावत्या.

मग फॉर्म. दहा वर्षांचा इतिहास महिन्या-महिन्याने, एकही मोकळा महिना न सोडता. नवऱ्याचा सरळ होता: कॉलेज, नोकरी, नोकरी. माझ्यात तीन वर्षं एमपीएससीचा अभ्यास, मग लग्न, मग परमिट येईपर्यंतचे सात महिने घरी. ते लिहायला मला उगाच ओशाळल्यासारखं झालं. प्रत्यक्षात 'बेरोजगार, परीक्षेची तयारी' आणि 'गृहिणी' असं सरळ लिहिलं, कुणी काही विचारलं नाही. रिकामी जागा सोडली असती तर मात्र नक्की विचारलं असतं. पत्त्यांचंही तसंच: पुण्यातली कॉट बेसिसवरची खोलीसुद्धा लिहायची. प्रवासाच्या यादीसाठी जुन्या पासपोर्टवरचे शिक्के आणि विमान कंपन्यांचे ईमेल उपयोगी पडतात. आधीच्या व्हिसा अर्जांत दिलेल्या तारखा काढून शेजारी ठेवा. दोन अर्जांतल्या तारखा जुळल्या नाहीत की शंका येते.

'आधी कधी व्हिसा नाकारला आहे का' याचं उत्तर दोघांनी वेगवेगळं आठवून द्या. लग्नाआधीचा नकार नवऱ्याला माहीतही नसतो.

अपलोडच्या प्रत्येक कप्प्यात एकच फाइल, ४ एमबीच्या आत. अनेक कागद असतील तर एकाच पीडीएफमध्ये जोडायचे. स्कॅन रंगीत आणि दोन्ही बाजूंनी. सीईसीला निधीचा पुरावा लागत नाही, पण यादीत तो कप्पा दिसतो आणि तो रिकामा ठेवून पुढे जाता येत नाही. तिथे 'निमंत्रण सीईसीखाली आहे, म्हणून निधीची अट लागू नाही' असं अर्ध्या पानाचं पत्र टाकलं. या एका कप्प्याने आमची एक रात्र खाल्ली.

आम्ही भरली ती फी: माणशी प्रक्रियेचे ९५० आणि पीआर हक्काचे ५७५, म्हणजे १,५२५. जोडीदाराचेही तेवढेच. दोघांचे ३,०५०, वर बायोमेट्रिक्सचे कुटुंबाला १७०. हे ३० एप्रिल २०२४ ला लागू झालेले, आमच्या वेळचे दर. दर दोन वर्षांनी वाढतात, तेव्हा भरण्याआधी पुन्हा पाहा. नकार आला तर पीआर हक्काची फी परत मिळते. परीक्षा, ईसीए, मेडिकल, दाखले धरून आमचा एकूण आकडा पाच हजार डॉलरच्या थोडा वर गेला. पाठवण्याआधी प्रत्येक पानाचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.

अर्ज ५१ व्या दिवशी गेला. पावती, म्हणजे एओआर, आली आणि दुसऱ्या दिवशी बायोमेट्रिक्सचं पत्र. त्यासाठी ३० दिवस असतात, सर्व्हिस कॅनडात, म्हणजे सरकारी सेवा केंद्रात, वेळ घेऊन दोघंही गेलो. परमिटसाठी आधी बोटांचे ठसे दिले असले तरी पीआरला पुन्हा द्यावे लागतात.

इथून पुढे करण्यासारखं काही उरत नाही, आणि तोच सगळ्यात जड काळ. सहा महिने हा सरकारचा ठरलेला मापदंड. मेडिकल पास, पात्रता, पार्श्वभूमी, एकेक ओळ बदलते. कधी बदलाचा ईमेल येतो आणि आत जाऊन पाहिलं तर काहीच बदललेलं नसतं. परमिट संपत आलं असेल तर मुख्य अर्जदाराने ब्रिजिंग ओपन वर्क परमिटचा, म्हणजे पीआर येईपर्यंतच्या मधल्या काळाच्या परमिटचा, अर्ज करावा, फी २५५ डॉलर. जोडीदाराचं परमिट त्यासोबत आपोआप वाढत नाही. त्याचा अर्ज वेगळा, फी वेगळी, आणि जुनं संपण्याआधी. आमच्या ओळखीच्या एका जोडप्यात हे राहून गेलं आणि बायकोला चांगली चालू नोकरी थांबवावी लागली. नोकरी बदलली, घर बदललं, पासपोर्ट नवा झाला, मूल झालं, तर वेबफॉर्मने कळवायचं.

या काळात जोडीदाराने भारतात जावं का? जाता येतं. पण शेवटी पोर्टलचा ईमेल येतो तेव्हा पहिला प्रश्न असतो: तुम्ही आणि अर्जातले सगळे कॅनडात आहात का? दोघं इथे असाल तर सगळं घरबसल्या होतं. जोडीदार तिकडे असेल तर त्याचा पासपोर्ट व्हिसासाठी जमा करावा लागतो, आणि तो मुख्य अर्जदाराच्या आधी पीआर म्हणून उतरू शकत नाही. सहाव्या महिन्यात भाचीच्या लग्नाला जायचं मी याच कारणाने टाळलं.

ईमेल सहा महिने आणि नऊ दिवसांनी आला. पत्ता आणि फोटो टाकले, काही दिवसांत दोघांची इलेक्ट्रॉनिक सीओपीआर, म्हणजे पीआर मिळाल्याचं पत्र, आली. फोटो ५० बाय ७० मिमी, हनुवटीपासून डोक्यापर्यंत ३१ ते ३६ मिमी. माझा एकदा परत आला, चष्म्यावर चकाकी होती म्हणून.

सीओपीआर हातात आली की आधी सर्व्हिस कॅनडात जाऊन नवा सिन (कामासाठी आणि करासाठी लागणारा सोशल इन्शुरन्स क्रमांक) घ्या. ९ ने सुरू होणारा जुना तात्पुरता असतो, नवा मिळाला की मालकाला आणि बँकेला कळवायचा. हेल्थ कार्डची नोंदही बदलून घ्या. आणि पीआर कार्ड टपालाने येईपर्यंत भारताचं तिकीट काढू नका. पीआर झाल्यावर जुन्या वर्क परमिटच्या व्हिसावर परतीच्या विमानात बसता येत नाही. कार्ड नसेल तर तिकडून प्रवासाचा वेगळा कागद मागवावा लागतो. नवऱ्याचं कार्ड तीन आठवड्यांत आलं. माझं, अर्थातच, पाच आठवड्यांनी.